वाचकांचे प्रश्न : जीएसएम फोनचा स्टॅक, खुल्या सोर्सचा

मोबाइलमध्ये दोन संगणक असतात. एक स्क्रीन आणि ॲप सांभाळतो, तर दुसरा, म्हणजे बेसबँड, टॉवरशी बोलतो. या दुसऱ्यातलं सॉफ्टवेअर जवळपास नेहमीच बंद पेटीत असतं. हाराल्ड वेल्टे आणि त्यांच्या सोबत्यांनी २०१० मध्ये ‘ऑस्मोकॉमबीबी’ हा प्रकल्प सुरू केला. जीएसएम, म्हणजे २जी फोनच्या बाजूचा प्रोटोकॉल स्टॅक (टॉवरशी बोलण्याचे नियम पाळणारे सॉफ्टवेअरचे थर) खुल्या सोर्समध्ये लिहिणं हे त्याचं काम. त्यावर हात चालवू पाहणाऱ्या वाचकांचे काही निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. आज्ञा आणि फायलींची नावं इथे देवनागरीत छापली आहेत. टंकताना अर्थातच ती रोमनमध्ये टंकायची.

हे सॉफ्टवेअर जुन्या मोटोरोलांवरच का चालतं? माझ्या अँड्रॉइडवर का नाही? (एक वाचक, सांगली)

कारण त्या फोनांच्या चिपची माहिती हाती आली होती आणि त्यांच्या बूटलोडरला (फोन सुरू होताना पहिला चालणारा प्रोग्रॅम) कोडवरची डिजिटल सही तपासायची सवय नव्हती. मोटोरोला सी११५, सी११८, सी१२३, सी१३९, सी१४०, सी१५५ आणि ओपनमोकोचे फोन टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या ‘कॅलिप्सो’ चिपवर चालतात. तिच्यात एक एआरएम७ गाभा आणि एक डीएसपी (सिग्नलची गणितं करणारा प्रोसेसर) असतो. शेजारी ऑडिओ-वीजपुरवठ्याची ‘आयोटा’ आणि रेडिओची ‘रीटा’ अशा दोन चिपा. आजच्या फोनमधला बेसबँड सही नसलेलं फर्मवेअर सुरूच होऊ देत नाही. रूट केलेल्या अँड्रॉइडलाही तिथे प्रवेश नाही.

कामाची वाटणी अशी आहे. लेअर १, म्हणजे रेडिओचा थर, फोनमध्येच चालतो, कारण त्याला वेळ पाळावी लागते. लेअर २, म्हणजे संदेश बिनचूक पोहोचवणारा एलएपीडीएम, आणि लेअर ३, म्हणजे रेडिओ, मोबिलिटी आणि कॉल यांचं व्यवस्थापन, हे लिनक्स संगणकावर चालतात. दोघांमध्ये एक सिरिअल केबल. त्यामुळे लेअर ३ मधली चूक नेहमीच्या डीबगरने पकडता येते आणि प्रत्येक बदलानंतर फोन पुन्हा भरावा लागत नाही. ही वाटणी नसती तर प्रकल्प इतका पुढे आला नसता असं आमचं मत आहे.

माझ्याकडे ना फोन आहे ना परवाना. तरी सुरुवात करता येईल का? (एक विद्यार्थिनी, नांदेड)

येईल, आणि खरं तर अशीच करा. फोन हाती आला की पहिला महिना केबल आणि बॅटरीतच जातो. प्रोटोकॉल शिकायला रेडिओची गरज नाही.

ऑस्मोकॉमबीबीच्या सोर्समध्ये ‘टीआरएक्स टूलकिट’ नावाची फोल्डर आहे. तिच्यातली ‘फेक_टीआरएक्स’ ही पायथन स्क्रिप्ट खोटी हवा तयार करते. एका बाजूला ऑस्मो-बीटीएस-टीआरएक्स हे टॉवरचं सॉफ्टवेअर जोडायचं, दुसऱ्या बाजूला ‘टीआरएक्सकॉन’. स्क्रिप्ट एकाचे बर्स्ट (रेडिओवरून जाणारे छोटे तुकडे) दुसऱ्याला यूडीपीवरून पोहोचवते. टॉवरच्या बाजूचे पोर्ट ५७०० पासून, फोनच्या बाजूचे ६७०० पासून. टीआरएक्सकॉन फोनमधल्या लेअर १ ची जागा घेतो आणि टीएमपी फोल्डरमध्ये ‘ऑस्मोकॉम_एल२’ नावाचं सॉकेट उघडतो. लेअर २ आणि ३ चालवणारा ‘मोबाइल’ हा प्रोग्रॅम त्याला येऊन चिकटतो. समोर खरा फोन आहे की खोटा, याची त्याला कल्पनाही नसते.

सुरू करण्याचा क्रम पाळा. आधी ऑस्मोएसटीपी (नेटवर्कच्या भागांमधले संदेश फिरवणारा), मग एचएलआर (ग्राहकांची नोंदवही), एमएससी (कॉल आणि एसएमएसचं केंद्र), बीएससी (टॉवरचा नियंत्रक), मग फेक_टीआरएक्स, त्यानंतर बीटीएस (टॉवरचं सॉफ्टवेअर), टीआरएक्सकॉन आणि शेवटी मोबाइल. आवाजाचे कॉल नको असतील तर मीडिया गेटवेची घाई नाही. लोकेशन अपडेट (नेटवर्कमध्ये फोनची नोंद) आणि एसएमएस त्याच्याविना चालतात. नेटवर्कचा क्रमांक ००१-०१ ठेवा, तो चाचणीसाठीच राखलेला आहे. मोबाइलच्या कॉन्फिगमध्ये ‘टेस्ट-सिम’ या भागात एक आयएमएसआय (सिमचा ओळख क्रमांक) आणि कॉम्प१२८ या ओळख पटवण्याच्या पद्धतीची की लिहायची. तोच आयएमएसआय आणि तीच की एचएलआरमध्येही नोंदवायची. की मधला एक आकडा चुकला तर ऑथेंटिकेशन पडतं. आयएमएसआय एचएलआरमध्ये नसेल तर लोकेशन अपडेट कारण क्रमांक २ देऊन नाकारलं जातं. कारण २, ३ किंवा ६ आलं की नियमाप्रमाणे फोन ते सिम अवैध मानून गप्प बसतो. एचएलआर दुरुस्त केल्यावर ‘मोबाइल’ही पुन्हा सुरू करा. नाहीतर ‘नोंद केली तरी काही होत नाही’ म्हणून तासभर डोकं खाजवाल.

इथली दुसरी अडचण घड्याळाची. खोटी हवा फ्रेमचा (रेडिओवरच्या वेळेच्या ठरावीक तुकड्याचा) ठोका पायथनमधून देते. व्हर्च्युअल मशिनवर किंवा बॅटरी वाचवणाऱ्या लॅपटॉपवर हा ठोका चुकला की बीटीएस ‘पीसी क्लॉक स्क्यू’ असं लिहून बंद पडतं. कोडमध्ये दोष शोधू नका. व्हर्च्युअल मशिन सोडा, वीज वाचवण्याची सेटिंग बंद करा आणि लिनक्सच्या ‘सीएचआरटी’ आज्ञेने प्रक्रियेला रिअलटाइम प्राधान्य द्या.

सगळं सुरळीत चाललं की मुद्दाम बिघडवा. फेक_टीआरएक्सला ‘फेक_ड्रॉप’, ‘फेक_आरएसएसआय’ आणि ‘फेक_टीओए’ अशा आज्ञा देता येतात. बर्स्ट गाळून पाहा आणि एलएपीडीएम पुन्हा पाठवण्याचं काम कसं करतो ते वायरशार्क या नेटवर्कचे संदेश दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये न्याहाळा. वायरशार्ककडे जीएसएमचे संदेश पोहोचवणाऱ्या जीएसएमटॅपचं पोर्ट ४७२९.

केबल जोडली, ऑस्मोकॉन चालवलं, फोन मात्र ढिम्म. (एक वाचक, पुणे)

दहातली आठ पत्रं हीच असतात. (ऑस्मोकॉन म्हणजे केबलवरून फोनमध्ये कोड भरणारा संगणकावरचा प्रोग्रॅम.) फोनचा सिरिअल पोर्ट हेडफोनच्या २.५ मिमी जॅकवर आहे. टोक आणि मधली कडी या दोन डेटा तारा, खालची बाही ग्राउंड. यूएसबी-सिरिअल ॲडॉप्टर ३.३ व्होल्टचाच हवा. कॅलिप्सोच्या पायांची पातळी २.८ व्होल्टची आहे, तिला ३.३ सहसा सोसतं. ५ व्होल्ट किंवा जुना आरएस-२३२ पोर्ट थेट जोडला तर चिप जाऊ शकते. एफटी२३२ किंवा सीपी२१०२ चा बोर्ड बुधवार पेठेत किंवा लॅमिंग्टन रोडवर सहज मिळतो. एफटी२३२ च्या बोर्डांवर बहुधा ३.३ आणि ५ व्होल्टचा जंपर असतो. तो आधी पाहा, मग तारा जोडा. २.५ चा जॅक मात्र शोधावा लागतो. ३.५ चा घासून बसवायचा उद्योग करू नका.

काहीच अक्षर आलं नाही तर टोक आणि कडी यांच्या तारा एकदा अदलाबदल करा. वेग ११५२००. कॅलिप्सो तो १३ मेगाहर्ट्झला १६ गुणिले ७ ने भागून काढते, त्यामुळे प्रत्यक्षात ११६०७१ मिळतात. पाऊण टक्क्याची ही चूक बहुतेक ॲडॉप्टर खपवून घेतात.

फोनमध्ये चार्ज असलेली बॅटरी घाला आणि फोन बंद ठेवा. आधी संगणकावर ऑस्मोकॉन सुरू करा. सी११५, सी११८ आणि सी१२३ साठी मोड ‘सी१२३एक्सओआर’, बोर्डाची फोल्डर ‘कॉम्पॅल_ई८८’ आणि फाइल ‘लेअर१.कॉम्पॅलरॅम.बिन’. मग पॉवरचं बटण क्षणभरच दाबा. दाबून धरलं तर फोन आपला नेहमीसारखा सुरू होतो. बूटलोडर एक सूचना पाठवून थोडाच वेळ उत्तराची वाट पाहतो आणि ते उत्तर ऑस्मोकॉन देतं. पडद्यावर ‘प्रॉम्प्ट१’, मग ‘प्रॉम्प्ट२’, मग ‘डाउनलोड अॅक’ असं आलं की तुमचा कोड चालू झाला.

‘प्रॉम्प्ट१’ येऊन पुढे काहीच नाही, तर फोनकडे जाणारी तार सुटलेली आहे. ‘डाउनलोड नॅक’ आला तर बाइट हरवले किंवा मोड चुकला. ‘मॅजिक नॅक’ येऊन १००३ हा आकडा मागितला, तर फोन सी१३९ किंवा सी१४० च्या जातीचा आहे. मोड ‘सी१४०एक्सओआर’ घ्या. तो आकडा ऑस्मोकॉन योग्य जागी स्वतः भरतं.

हे सगळं रॅममध्ये जातं. बॅटरी काढून घातली की फोन पूर्ववत. फ्लॅशमध्ये लिहिण्याच्या फंदात पडू नका, बूटलोडर पुसला गेला तर तो फोन पेपरवेट.

फोन ‘एफबी०’च्या ओळी दाखवतो, पण सिंक होत नाही. (एक अभियंता, नाशिक)

टॉवर ठरावीक फ्रेममध्ये एफसीसीएच, म्हणजे फोनला वारंवारिता जुळवायला लागणारा बर्स्ट, पाठवतो. हा बर्स्ट म्हणजे सगळी शून्यं. जीएमएसके या जीएसएमच्या मोड्युलेशनमधून गेल्यावर त्यांचा कॅरिअरच्या ६७.७ किलोहर्ट्झ वर एक शुद्ध सूर होतो. बिटदर २७०.८३३ किलोबिट, त्याचा चौथा हिस्सा. ५१ फ्रेमच्या मल्टिफ्रेममध्ये तो ०, १०, २०, ३० आणि ४० या फ्रेमवर येतो आणि लगेच पुढच्या फ्रेमला एससीएच, म्हणजे वेळ जुळवणारा बर्स्ट. म्हणजे जास्तीत जास्त ११ फ्रेम, सुमारे ५१ मिलिसेकंद थांबलं की एक तरी सूर सापडायलाच हवा.

फोन आधी रुंद शोध घेतो, तो ‘एफबी०’. ओळीत ‘अँगल’ म्हणून छापलेला आकडा म्हणजे वारंवारितेतला फरक, हर्ट्झमध्ये. तो साधारण १० किलोहर्ट्झच्या आत आला की अरुंद शोध, ‘एफबी१’. पुढे ८०० हर्ट्झच्या आत आला की एससीएच वाचायचा प्रयत्न. दर वेळी एएफसी (वारंवारितेची आपोआप दुरुस्ती) स्फटिकाला थोडं सरकवतं. तुमच्या ओळींत तो आकडा हळूहळू कमी होत असेल तर थांबा, थंड फोनला वेळ लागतो. तो एकाच मोठ्या आकड्यावर अडकला असेल तर टॉवरचं घड्याळ तपासा. ९०० मेगाहर्ट्झला १ पीपीएम (दहा लाखांत एक भाग) म्हणजे ९०० हर्ट्झ, १८०० ला दुप्पट. खऱ्या टॉवरकडून ०.०५ पीपीएमची अपेक्षा असते. स्वस्त एसडीआरचा (सॉफ्टवेअरने चालणाऱ्या रेडिओचा) स्फटिक २० पीपीएम चुकला तर १८ किलोहर्ट्झ तिथेच गेले. आरटीएल-एसडीआर आणि ‘कॅलिब्रेट-आरटीएल’ वापरून खऱ्या टॉवरशी तुलना करा आणि मिळालेली दुरुस्ती एसडीआरला द्या.

आकडा लहान आहे, पॉवरही चांगली आहे, तरी एससीएच वाचता येत नाही? मग एआरएफसीएन, म्हणजे रेडिओ चॅनेलचा क्रमांक, पाहा. ५१२ ते ८१० हे क्रमांक डीसीएस १८०० आणि पीसीएस १९०० या दोन्ही बँडांत आहेत. कोडमध्ये पीसीएससाठी वेगळा झेंडा (फ्लॅग) लावावा लागतो. तो चुकून लागला तर फोन भलत्याच वारंवारितेवर कान लावून बसतो. शिवाय अमेरिकेसाठी बनलेल्या सी१३९ मध्ये ८५० आणि १९०० चे फिल्टर असतात. त्यांच्यावर आपल्याकडचं ९०० मेगाहर्ट्झ कसंबसं ऐकू येतं.

लेअर १ मध्ये एक प्रिंटएफ (ओळ छापण्याची आज्ञा) घातला आणि सगळं कोसळलं. (तेच अभियंता)

कोसळणारच. टीडीएमए (वेळ वाटून घेण्याच्या पद्धतीची) फ्रेम ४.६१५ मिलिसेकंदांची. ११५२०० ला सेकंदाला ११५२० अक्षरं जातात, म्हणजे एका फ्रेममध्ये ५३. तुमची साठ अक्षरांची ओळ फ्रेम ओलांडून जाते. त्याच तारेवर लेअर २ कडे जाणारे संदेशही असतात, ते तुमच्या ओळीमागे रांगेत उभे राहतात.

डीएसपीशी काम तीन फ्रेममध्ये चालतं. या फ्रेममध्ये आज्ञा लिहायची, पुढच्या फ्रेममध्ये डीएसपी ती पार पाडतो, त्यापुढच्या फ्रेममध्ये निकाल वाचायचा. सामायिक मेमरीची दोन पानं आलटून पालटून वापरली जातात. एक ब्लॉक चार बर्स्टमध्ये विखुरलेला असतो. म्हणून ‘प्रिम_आरएक्स_एनबी’ फाइलमध्ये तिसऱ्या फ्रेमला पहिल्या बर्स्टचा निकाल आणि तिसऱ्या बर्स्टची आज्ञा एकत्र दिसते. एका ठिकाणी उशीर झाला की जुन्या पानावरचा निकाल नवा समजून वाचला जातो. गंमत म्हणजे तेव्हा प्रोग्रॅम बंद पडत नाही. सीआरसी (चूक पकडणारा ताळा) तेवढा चुकत राहतो आणि माणूस अँटेना हलवत बसतो. रेडिओची वेळ तर याहून बारीक. टीपीयू, म्हणजे चिपमधला वेळ सांभाळणारा भाग, फ्रेमचे ५००० भाग करतो, प्रत्येक भाग पाव बिटाचा.

तेव्हा छापू नका, साठवा. आकडे एका छोट्या रिंग बफरमध्ये टाका आणि मुख्य लूपमधून सावकाश पाठवा. एफटीडीआय ॲडॉप्टर असेल तर त्याचा ‘लेटन्सी_टायमर’ मुळात १६ मिलिसेकंद असतो. सिस फाइलसिस्टीममध्ये जाऊन तो १ करा.

रॅच जातो, इमिजिएट असाइनमेंट परत येतं, तरी फोन ते आपलं मानत नाही. (प्राध्यापक, कोल्हापूर)

रॅच म्हणजे फोनने चॅनेल मागणं, इमिजिएट असाइनमेंट म्हणजे नेटवर्कने तो देणं. रॅच बर्स्टमध्ये फक्त ८ बिट माहिती मावते आणि तिच्यात नाव-गाव नसतं. उत्तर आपलंच आहे हे ओळखायला दोन खुणा : ते ८ बिट, आणि आपण ते कोणत्या फ्रेममध्ये पाठवले. नेटवर्क फ्रेम क्रमांक ४२४३२ ने भागून उरलेली बाकी परत पाठवतं. फोनने आपल्या शेवटच्या तीन विनंत्या लक्षात ठेवून त्यांच्याशी ताळा करायचा. लेअर १ ने ‘रॅच_कॉन्फ’मध्ये एखादी फ्रेम पुढचा-मागचा आकडा कळवला की सगळं बरोबर असूनही ताळा जुळत नाही. आज्ञा दिली ती फ्रेम आणि बर्स्ट प्रत्यक्ष हवेत गेला ती फ्रेम, यांतला फरक विसरल्यामुळे हे होतं. वायरशार्कमध्ये रिक्वेस्ट रेफरन्स उघडा आणि टी१, टी२, टी३ (फ्रेम क्रमांकाचे तीन भाग) तुमच्या लॉगशी पडताळा. फरक दर वेळी तेवढाच असेल तर निदान पक्कं.

त्यापुढची पायरी एसएबीएम, म्हणजे लेअर २ ची जोडणी मागणारी फ्रेम. त्याच्यासोबत लोकेशन अपडेटची विनंती जाते आणि नेटवर्क यूए, म्हणजे होकाराच्या फ्रेममध्ये, ती जशीच्या तशी परत करतं. एक बाइट जरी वेगळा आला तरी दुसरा कोणीतरी त्याच चॅनेलवर आहे असं समजून फोनने बाजूला व्हायचं. ब्लॉक २३ बाइटांचा, त्यातले ३ एलएपीडीएमच्या शीर्षात गेले, उरले २०. आयएमएसआय घातलेली विनंती १८ बाइटांत बसते. एसएबीएमचे तुकडे करता येत नाहीत, त्यामुळे तुम्ही पदरचं काही वाढवलंत तर ही मर्यादा आडवी येते. उरलेली जागा २बी या हेक्स बाइटने भरायची. शून्यांनी भरली तर बरीच नेटवर्कं चालवून घेतात, पण त्यावर विसंबू नका.

माझं रोजचं सिम घालून प्रयोग केला तर? (एक वाचक, ठाणे)

नको. आपल्याकडे एअरटेल, व्हीआय आणि बीएसएनएलची २जी सेवा चालते आणि तिच्यावर लोकांचे कॉल असतात. परवान्याशिवाय प्रक्षेपण करणं, दुसऱ्याचं संभाषण पकडणं आणि आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) बदलणं हे तिन्ही गुन्हे आहेत. आयएमईआयबाबत २०१७ मध्ये स्वतंत्र नियम आले होते, त्यांची जागा २०२४ च्या दूरसंचार सायबर सुरक्षा नियमांनी घेतली. ऑस्मोकॉमबीबीच्या फर्मवेअरमध्ये प्रक्षेपण मुळातच बंद असतं. मेकफाइलमधली ‘कॉन्फिग_टीएक्स_एनेबल’ची ओळ उघडल्याशिवाय फोन फक्त ऐकतो. ती ओळ तशीच राहू द्या. कॉलेजला खरंच प्रक्षेपण करायचं असेल तर दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेकडे प्रायोगिक परवान्यासाठी अर्ज करायचा आणि काम शिल्डेड पेटीत करायचं. नारायणगाव-खोडद परिसरात राहणाऱ्यांनी तर जास्तच जपावं. तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बीण केंद्राच्या दुर्बिणी १४५० मेगाहर्ट्झपर्यंत ऐकतात, ९०० त्याच्या आतच आलं.

हा स्टॅक पूर्णपणे मुक्त आहे का? (एक वाचक, पणजी)

फोनवर नाही. एआरएमवर चालणारा कोड जीपीएल या मुक्त परवान्याखाली आहे, पण कॅलिप्सोच्या डीएसपीमधला रॉम टेक्सासचाच, बंद. टीआरएक्सकॉनच्या वाटेवर मात्र चॅनेल कोडिंगसुद्धा खुल्या लायब्ररीतून होतं. जीपीआरएसचं (२जी इंटरनेटचं) ‘मोडेम’ हे नवं कामही त्याच वाटेवर आहे. जुन्या फोनवर त्याची आशा धरू नका.

अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी काहीतरी नवं सुचवा. (चार विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)

देवनागरी एसएमएस. ‘मोबाइल’मधली एसएमएसची आज्ञा मजकूर ७ बिटांच्या मूळ वर्णमालेत पाठवते, तिच्यात मराठी बसत नाही. डेटा कोडिंगचा बाइट ०८ करून मजकूर यूसीएस-२ मध्ये (प्रत्येक एककाला दोन बाइट) भरायचा. १४० बाइट म्हणजे ७० एकक, लांब संदेशाच्या प्रत्येक तुकड्यात ६७. मोजताना डोळ्यांवर जाऊ नका : ‘ज्ञानेश्वरी’ हा शब्द ११ एककं खातो, कारण प्रत्येक मात्रा आणि हलन्त वेगळा मोजला जातो. तुकडा करताना ‘क्ष’च्या मधोमध कापलंत तर काही फोन दोन्ही अर्धे वेगवेगळे दाखवतात. म्हणून आधीच्या पूर्ण अक्षरापाशी तोडा.

तेवढं जमलं तर दुसरा टप्पा : एसएमएसच्या वर्णमालांच्या २३.०३८ या मानकातले राष्ट्रीय भाषांचे तक्ते. त्यात हिंदीचा तक्ता आहे, मराठीचा वेगळा नाही. हिंदीचा लॉकिंग (पूर्ण संदेशाला लागू होणारा) तक्ता लावला तर ४ बाइटांचं शीर्ष वजा जाऊन ७ बिटांची १५५ चिन्हं मिळतात, यूसीएस-२ च्या दुपटीहून जास्त. अडचण एवढीच की समोरच्या फोनला तो तक्ता कळायला हवा.

चाचणी खोट्या हवेवरच घ्या आणि घड्याळ लावून बसा. एसएमएस एलएपीडीएमच्या एसएपीआय ३ या वेगळ्या जोडणीवरून जातो. एलएपीडीएममध्ये एका वेळी एकच फ्रेम पोचपावतीविना राहू शकते आणि एसडीसीसीएच या सिग्नलिंगच्या चॅनेलवर ब्लॉकची पाळी २३५ मिलिसेकंदांनी येते. भरलेल्या संदेशाला नऊएक फ्रेम लागतात, म्हणजे दोन सेकंदांच्या आत तो पोहोचलेला दिसला तर तुमच्या मोजणीत चूक आहे. पॅच (कोडमधला बदल) गेरिट या प्रकल्पाच्या तपासणीच्या संकेतस्थळावर पाठवायचा, कमिटमध्ये ‘चेंज-आयडी’ हवा, ओळी टॅबने सरकवलेल्या आणि एका पॅचमध्ये एकच बदल. एन्कोडिंगचा एक, तुकडे करण्याचा दुसरा आणि चाचण्या ज्या त्या पॅचसोबत.